पेन्शनचा खर्च आणि पुढच्यांच्या माथी मारलेली बिलं

प्रश्न थोडक्यात असा आहे: "माझी आई २००८ पासून जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. जुनी पेन्शन दिली तर राज्याचं दिवाळं निघेल असं एक बाजू म्हणते, दुसरी बाजू म्हणते ही नुसती भीती घालणं आहे. सरकारचा पेन्शनवरचा आणि औषधोपचारावरचा खर्च खरोखर आटोक्यात आणायचा असेल तर काय करावं लागेल? आणि त्यात माझ्या आईसारख्यांचं काय होईल?"

मी ३१ वर्षं राज्याच्या वित्त व लेखा सेवेत काढली. त्यातली बरीचशी कोषागारांत, काही जिल्हा परिषदेच्या वित्त विभागात. पेन्शनची प्रकरणं मंजूर केली, आक्षेप काढले, परत पाठवली, आणि ज्यांची परत पाठवली त्यांचे चेहरेही पाहिले. त्या अनुभवावरून सांगतो. दोन्ही बाजूंचं अर्धं खरं आहे, आणि उरलेलं अर्धं त्यांच्यापैकी कुणीच बोलत नाही.

दिवाळखोरीचा मुद्दा गाजला तो डिसेंबर २०२२ च्या नागपूर अधिवेशनात. तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सभागृहात सांगितलं की जुनी पेन्शन दिली तर १ लाख १० हजार कोटींचा बोजा पडेल. तीन महिन्यांत, १४ मार्च २०२३ ला, 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत राज्यभरातले लाखो कर्मचारी संपावर गेले. दवाखाने, शाळा, तहसील कचेऱ्या ठप्प झाल्या. २० मार्चला संप मिटला, निवृत्त सनदी अधिकाऱ्यांच्या समितीकडे विषय गेला, आणि १ मार्च २०२४ ला विधिमंडळात सुधारित योजना जाहीर झाली: शेवटच्या पगाराच्या ५० टक्के निवृत्तिवेतन, वर महागाई भत्ता, आणि मृत्यूनंतर त्याच्या ६० टक्के कुटुंब निवृत्तिवेतन. म्हणजे जे परवडणार नाही म्हणून सांगितलं होतं, त्याच्या पुष्कळ जवळचं सव्वा वर्षात कबूल झालं. राज्याची तिजोरी तेवढ्यात भरली नव्हती. बिल कोणत्या वर्षी येणार, एवढंच बदललं होतं.

हे समजून घ्यायला जुनी पेन्शन कशी चालते ते पाहा. पुष्कळांना वाटतं की नोकरीभर कुठेतरी पैसे साठत जातात आणि त्यातून पेन्शन येते. भविष्य निर्वाह निधीचं खातं असतं, तसं काहीतरी. तसं काहीही नाही. जुन्या पेन्शनची पेटीच नव्हती. १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांप्रमाणे हक्क तयार होतो, महालेखापाल कार्यालयातून आदेश येतो आणि कोषागार दरमहा मुख्य लेखाशीर्ष २०७१, म्हणजे अर्थसंकल्पातल्या पेन्शनखर्चाच्या खात्याखाली रक्कम खर्ची टाकतं. पैसा येतो त्या वर्षीच्या महसुलातून. १९९० साली नेमलेल्या तलाठ्याची पेन्शन २०२५ साली पेट्रोलवर कर भरणारा देतो. १९९० ते २०२५ या काळात कुठल्याही अर्थमंत्र्याला त्यासाठी एक रुपया बाजूला टाकावा लागला नाही.

केंद्राने १ जानेवारी २००४ पासून आणि महाराष्ट्राने १ नोव्हेंबर २००५ पासून हे बदललं. नव्याने नेमलेल्यांच्या मूळ पगार अधिक महागाई भत्त्यातून १० टक्के कापायचे, सरकारने तेवढेच घालायचे, पुढे सरकारचा वाटा १४ टक्के झाला, आणि निवृत्तीला जी पुंजी असेल ती तुमची. पण या बदलाची एक किंमत होती आणि ती लोकांना कुणी नीट समजावली नाही. बदलाच्या काळात सरकारला दोन्हीकडून पैसे मोजावे लागतात. जुन्यांची पेन्शन चालूच, आणि नव्यांचे १४ टक्के आजच द्यायचे. ऑक्टोबर २००५ मध्ये बाविसाव्या वर्षी लागलेला माणूस २०४१ ला निवृत्त होईल. तो ऐंशीपर्यंत जगला तर २०६३, आणि त्याच्या मागे पत्नीचं कुटुंब निवृत्तिवेतन. म्हणजे 'नवी पेन्शन आणली, तरी खर्च कमी कुठे झाला?' असं विचारणाऱ्याला उत्तर हेच की अजून वीसेक वर्षं तो फारसा कमी दिसणारच नाही. फळ देणारं झाड लावलं आहे, तोवर पाणी घालावं लागणार.

आता उलटा प्रवास पाहा. २०२२ पासून राजस्थान, छत्तीसगड, झारखंड, पंजाब, हिमाचल प्रदेश या राज्यांनी जुन्या पेन्शनकडे परत जायचं ठरवलं. तसं केलं की पहिल्याच महिन्यापासून सरकारी वाटा भरणं थांबतं. आजच्या सरकारच्या हातात पैसा खुळखुळतो. कर्मचारी खूश, अर्थसंकल्पही वरवर सुधारलेला. बिल येतं ते २०३५-४० नंतर. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२३ च्या अभ्यासात हेच मांडलं आहे: सगळी राज्यं परत गेली तर एकूण बोजा नव्या योजनेच्या साडेचार पटींपर्यंत जाऊ शकतो, आणि २०६० पर्यंत वर्षाचा जादा भार देशाच्या उत्पन्नाच्या ०.९ टक्क्यापर्यंत पोचू शकतो. आधी भरलेली पुंजी परत द्या म्हणून काही राज्यांनी मागणी केली, तर केंद्राने कायद्यात तशी तरतूद नाही म्हणून सांगितलं. त्यामुळे जुन्या पेन्शनला विरोध करणारा जेव्हा 'परवडणार नाही' म्हणतो तेव्हा तो खरं बोलतो, फक्त कुणाला परवडणार नाही हे सांगत नाही. आज पहिलीत असलेल्या मुलांना परवडणार नाही.

मग कर्मचारी उगाच रस्त्यावर उतरले होते का? अजिबात नाही.

माझ्या टेबलावर आलेली दोन प्रकरणं सांगतो. दोघे एकाच जाहिरातीतून, एकाच निवड यादीतून लागलेले लिपिक. दोघांचंही वय तेव्हा अडतीसच्या घरात. एकाचा नियुक्ती आदेश ऑक्टोबर २००५ मध्ये निघाला. दुसऱ्याचं वैद्यकीय प्रमाणपत्र पंधरा दिवस उशिरा आलं, त्याचा आदेश नोव्हेंबरात निघाला. वीस वर्षं शेजारशेजारच्या खुर्च्यांवर काम. आता आकडे पाहा. हिशेब सोपा राहावा म्हणून रकमा गोल करतो. निवृत्तीच्या वेळी मूळ पगार ५०,००० धरा. पहिल्याला निम्मे म्हणजे २५,०००, त्यावर ५५ टक्के महागाई भत्ता १३,७५०, एकूण ३८,७५०. दुसरा नव्या योजनेतच राहिला आणि त्याच्या खात्यात २८ लाख जमले, असं धरा. त्यातल्या ४० टक्क्यांची वार्षिकी (विमा कंपनीकडून दरमहा ठराविक रक्कम मिळण्याची सोय) घ्यावीच लागते, म्हणजे ११ लाख २० हजारांची. साडेसहा टक्क्यांनी महिन्याला मिळतात सुमारे ६,०७०. उरलेले १६ लाख ८० हजार हातात येतात. ते त्याने ना मुलीच्या लग्नाला काढले ना घराला, सगळे सात टक्क्यांनी ठेवीत घातले, तरी महिन्याला ९,८००. दोन्ही मिळून सोळा हजारांच्या आत.

पण खरी दरी याहून खोल आहे. ३८,७५० ही रक्कम दर जानेवारीत आणि जुलैत महागाईप्रमाणे वाढत जाते, वेतन आयोग आला की नव्याने बांधली जाते. ६,०७० ही रक्कम २०२५ मध्येही ६,०७०, आणि तो पंच्याहत्तरीचा झाला तरी ६,०७०. तेव्हा त्या पैशांत औषधांची पिशवी तरी भरेल का, सांगता येत नाही. ५० टक्के हा आकडा घोषणेत शोभतो. म्हातारपण ज्याच्यावर तरतं तो महागाई भत्ता आहे. २००५ च्या योजनेने नेमका तोच काढून घेतला आणि बाजाराची सगळी जोखीम तृतीय श्रेणीच्या माणसाच्या खांद्यावर टाकली. (त्या दुसऱ्या लिपिकासारखे, ज्यांची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ पूर्वीची होती, असे सुमारे २६ हजार जण होते. त्यांना फेब्रुवारी २०२४ मध्ये जुन्या पेन्शनचा पर्याय मिळाला. अठरा वर्षं उशिरा, पण मिळाला, याचा मला मनापासून आनंद आहे.)

माझं मत स्पष्ट आहे. निम्म्या पगाराची, महागाईशी बांधलेली हमी देणं योग्य आहे. सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ ला निवृत्त अधिकारी नकारा यांच्या खटल्यात सांगितलं की निवृत्तिवेतन ही सरकारने मेहेरबानीने टाकलेली भीक नव्हे, केलेल्या सेवेचा तो हक्क आहे. त्या घटनापीठावर आपल्याकडचे यशवंतराव चंद्रचूड सरन्यायाधीश होते. या निकालामुळेच १७ डिसेंबर हा पेन्शनर दिन म्हणून पाळतात. मात्र हक्क मान्य केला की त्याची किंमत त्याच वर्षी मोजली पाहिजे. नेमणूक झाली त्या महिन्यापासून त्या माणसाच्या भावी पेन्शनचा हप्ता वेगळ्या निधीत पडला पाहिजे, आणि त्या निधीला कुठल्याही सरकारला हात लावता येऊ नये. खर्चाला लगाम लागतो तो इथेच. नवं पद निर्माण करताना, वेतन आयोग लागू करताना मंत्रिमंडळापुढे त्याचा संपूर्ण आकडा त्याच दिवशी येतो.

केंद्राची एकीकृत पेन्शन योजना, २४ ऑगस्ट २०२४ ला मंजूर झालेली आणि १ एप्रिल २०२५ पासून सुरू झालेली, या दिशेने बरीच पुढे गेली आहे. पंचवीस वर्षं सेवा झाली तर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या ५० टक्के, दहा वर्षं झाली तर किमान १०,०००, महागाई दिलासा वेगळा. त्यासाठी कर्मचाऱ्याचे १० टक्के आणि सरकारचे साडेअठरा, ज्यातले साडेआठ एका सामाईक निधीत जातात. म्हणजे पगाराच्या साडेअठ्ठावीस टक्के रक्कम दर महिन्याला बाजूला पडते. प्रामाणिकपणे दिलेल्या हमीची किंमत साधारण एवढी असते हे यातून पहिल्यांदा लोकांना दिसलं. पर्याय निवडायची मुदत दोनदा वाढवावी लागली, कारण कर्मचारी पुढे येईनात. अटी गुंतागुंतीच्या आहेत, आणि एकदा पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. आठव्या वेतन आयोगाला, ज्याच्या अध्यक्ष न्यायमूर्ती रंजना देसाई आहेत, ज्यांच्यासाठी कुठलाही निधी साठवलेला नाही अशा पेन्शनचा भार लक्षात घ्यायला सांगितलं आहे. हेही बरंच झालं.

महाराष्ट्राच्या सुधारित योजनेबद्दल माझी काळजी एवढीच आहे: वचन दिलं, पण १४ टक्क्यांच्या वर जे लागेल ते कोणत्या खात्यातून येणार? निवृत्तीच्या वेळी कमी पडलेली रक्कम त्या वर्षीच्या २०७१ मधूनच द्यायची असेल, तर जुन्या वाटेनेच आपण परत निघालो आहोत. कर्मचारी संघटनांनीही हा प्रश्न लावून धरायला हवा. निधी नसलेलं वचन सर्वात आधी त्यांच्याच सभासदांना नडणार आहे.

ज्या मार्गांनी खर्च 'कमी' झालेला दिसतो आणि ज्यांना मी सुधारणा मानत नाही, त्यांबद्दलही बोललं पाहिजे. पदं रिकामी ठेवायची आणि तीच कामं कंत्राटी माणसाकडून करून घ्यायची, हा सगळ्यात मोठा. वीस वर्षं एकाच प्राथमिक आरोग्य केंद्रात राबलेली कंत्राटी परिचारिका पेन्शनच्या कुठल्याच वादात नसते, कारण तिला मुळात काहीच नाही. दुसरा मार्ग, रक्कम गोठवायची. दारिद्र्यरेषेखालच्या ऐंशीच्या आतल्या वृद्धाला केंद्र सरकार २००७ पासून महिन्याला २०० रुपये देतं. अजूनही २००. कुणी कपातीचा आदेश काढला नाही, महागाईनेच ती कपात केली. राज्याने श्रावणबाळ योजनेत स्वतःची भर घालून रक्कम १,५०० पर्यंत आणली, पण पात्रतेसाठी कुटुंबाची वर्षाची उत्पन्न मर्यादा २१,००० रुपये. महिन्याला पावणेदोन हजारांहून जास्त मिळकत असलेल्या घरातला म्हातारा निराधार नाही, असा त्याचा अर्थ. कारखान्यांतून, साखरेतून, एसटीतून निवृत्त झालेल्यांची कर्मचारी पेन्शन योजना १९९५ ची. तिची किमान रक्कम सप्टेंबर २०१४ पासून १,००० वर थांबली आहे. बुलढाण्यात ही माणसं वर्षानुवर्षं साखळी उपोषणाला बसली. खर्च आवरायची चर्चा जेव्हा जेव्हा होते तेव्हा मी पहिल्यांदा हे बाजूला काढून ठेवतो. इथून एक पैसाही कमी करायचा नाही.

निवृत्तीचं वय ५८ वरून ६० करा, असं वारंवार सुचवलं जातं. केंद्रात १९९८ पासून ६० आहे. त्याने उपदान (ग्रॅच्युइटी) आणि पेन्शन दोन वर्षं पुढे जाते, वाचत फारसं नाही, आणि रिकाम्या जागांची वाट पाहणाऱ्या तरुणांचा रोष ओढवतो. आधी भरती, मग हा विषय. माजी आमदारांच्या पेन्शनचा खर्च एकूण आकड्यात किरकोळ आहे. पण एका मुदतीवर महिन्याला ५०,००० घेणाऱ्याने शिक्षिकेला काटकसर सांगितली तर ती ऐकणार नाही, आणि तिने ऐकूही नये. ती पेन्शनही अंशदानावर, म्हणजे स्वतः हप्ता भरण्याच्या पद्धतीवर नेली पाहिजे.

आता औषधोपचार. पेन्शनचा खर्च निदान मोजता तरी येतो. हा दरवर्षी हातातून निसटतो.

नोकरीत असलेल्या राज्य कर्मचाऱ्याला वैद्यकीय खर्चाची प्रतिपूर्ती मिळते, खासगी रुग्णालयासाठी आकस्मिक आणि गंभीर आजारांच्या ठरलेल्या यादीप्रमाणे. ती फाइल कशी असते ते पाहिलंय का कधी? औषधांची साठ-सत्तर बिलं एकेक करून कागदावर चिकटवलेली, प्रत्येकावर डॉक्टरची सही आणि शिक्का, वर जिल्हा शल्यचिकित्सकांची शिफारस, अत्यावश्यकतेचं प्रमाणपत्र, मंजूर दरांचा तक्ता. एका शिक्षकाच्या पत्नीच्या हृदयशस्त्रक्रियेची फाइल माझ्याकडे तिसऱ्यांदा आली तेव्हा तिच्यावर 'एक मूळ देयक जोडलेले नाही' असा आक्षेप होता. ते बिल होतं १४२ रुपयांचं. दावा पावणेदोन लाखांचा, आणि त्याने सावकाराकडून घेतलेल्या पैशांवर व्याज चालू. मी १४२ रुपये वजा करून बाकीचं पास केलं. बीम्सवर, म्हणजे सरकारच्या निधीवाटपाच्या संगणक प्रणालीवर, तरतूद यायला पुढे आणखी पाच महिने लागले. आणि निवृत्त झाल्यावर, जेव्हा आजारपण खरोखर सुरू होतं, तेव्हा राज्याच्या बहुतेक कर्मचाऱ्यांची ही सोयच थांबते. स्वतः हप्ता भरून विमाछत्र घ्यावं लागतं.

या पद्धतीत पैसा वाचत नाही. माणूस आधी खिशातून देतो म्हणून रुग्णालय हवं ते बिल लावतं, सरकार महिनोन्महिने उशीर करतं, आणि तपासणीचा सगळा जोर शिक्क्यांवर जातो. शस्त्रक्रियेची गरज होती का, हा प्रश्न फाइलमध्ये कुठेच विचारला जात नाही. ठरलेले दर आणि थेट रुग्णालयाला पैसे, ही महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची रीत याहून चांगली आहे. ती २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, आता सगळ्या शिधापत्रिकाधारकांना लागू आहे आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण देते. कर्मचारी आणि निवृत्त दोघांनाही अशाच चौकटीत आणावं, निवृत्तांकडून पेन्शनच्या प्रमाणात थोडी वर्गणी घ्यावी, असं माझं मत आहे. मात्र एक अट. अंगीकृत, म्हणजे योजनेत घेतलेल्या रुग्णालयांची बिलं वेळेत दिली पाहिजेत. थकबाकी वाढली की रुग्णालय योजनेतला पेशंट टाळतं किंवा त्याच्याकडून वरून पैसे मागतं, आणि रुग्णांच्या मदतीसाठी दारात बसवलेला आरोग्यमित्र काही करू शकत नाही.

त्याहून मोठी गळती रुग्णालयात पोचण्याच्या आधीची आहे. माझ्या गावातला एक निवृत्त शिपाई. रक्तदाबाची गोळी आरोग्य केंद्रात फुकट मिळायची, मधे तीन-चार महिने साठा नव्हता, बाहेरून घ्यायला पैसे नव्हते, गोळी सुटली. बरं वाटतंय म्हणून सुटलेलीच राहिली. आता आठवड्यातून दोनदा तालुक्याला डायलिसिसला जातो. डायलिसिस योजनेत बसतं, त्याला पैसे पडत नाहीत, सरकारला पडतात. गोळी योजनेत नव्हती. विमा हा रुग्णालयात भरती झालेल्या माणसाचा असतो. भरती व्हावं लागू नये म्हणून जे लागतं ते आरोग्य केंद्रातल्या औषधाच्या कपाटात असतं, आणि अर्थसंकल्प आवळताना पहिली कात्री त्या कपाटाला लागते. आरोग्याचा खर्च आटोक्यात आणायला एकच गोष्ट करायची मुभा मला दिली, तर मी राज्यातल्या प्रत्येक केंद्रात रक्तदाब आणि मधुमेहाच्या गोळ्यांचा साठा बाराही महिने ठेवीन.

आता तुमच्या आईंबद्दल. त्या २००८ च्या, म्हणजे नव्या योजनेतल्या. सुधारित योजनेचा पर्याय घेतला की नाही, आणि सेवापुस्तकात त्याची नोंद झाली की नाही, हे आधी पाहा. मग खात्याचं सुरुवातीपासूनचं विवरण काढा. जिल्हा परिषदेत असताना माझ्याकडे एक शिक्षक प्लास्टिकच्या पिशवीत दहा वर्षांच्या पगारपत्रकांची चळत घेऊन आले होते, प्रत्येक महिन्याची कपात लाल शाईने अधोरेखित केलेली. कपात ९४ महिन्यांची होती, खात्यात नोंद ६१ महिन्यांची. उरलेले पैसे कुठे पडून होते ते शोधायला आम्हाला आठ महिने लागले. निवृत्तीनंतर तो शोध घ्यायला माणसाकडे ना कागद उरतात ना ओळखीचा लिपिक. म्हणून आत्ताच शालार्थ या शिक्षकांच्या पगारप्रणालीतली कपात आणि खात्यातली जमा महिनावार समोरासमोर मांडा, सरकारचा वाटाही पडलाय का ते बघा. फरक दिसला तर मुख्याध्यापकांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या, एक प्रत मुख्य लेखा व वित्त अधिकाऱ्यांना, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. नामनिर्देशन लग्नाआधीचं असेल तर तेही याच फेरीत बदलून घ्या.